पुनःप्रशिक्षणाचे वर्ग कोणासाठी?

वैद्यांसाठी पुनःप्रशिक्षणाचे वर्ग आता वरचेवर भरतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु तेथील शिकविण्याची रीत महाविद्यालयीनच राहिली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या रांगेत चाळीस वर्षे नाडी पाहणारे ज्येष्ठ वैद्य असतात. त्यांच्या मागे नुकतीच आंतरवासिता संपविलेले पदवीधर, मुले मोठी झाल्यावर पुन्हा चिकित्सालय उघडू पाहणाऱ्या वैद्यभगिनी, आणि अगदी शेवटी, दाराजवळ, औषधी दुकानांचे मालक. या सर्वांना व्याख्याते दोन तास पडद्यावरचा एकच इंग्रजी मजकूर वाचून दाखवितात. प्रमाणपत्र भोजनोत्तर मिळत असल्याने तोपर्यंत कोणी उठत नाही, एवढेच!

वास्तविक शिष्यभेदाचा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, अध्ययनासाठी निवडावयाचा ग्रंथ त्रिविध शिष्यबुद्धीस हितकर असावा, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. त्याच अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आहे. संधाय संभाषा म्हणजे जाणत्याने जाणत्याशी निःशंकपणे केलेली चर्चा. अनुभवी वैद्यास शिकविण्याची याहून उचित पद्धती आम्हांस ठाऊक नाही. रुग्णाचे वय, बल, सात्म्य पाहून मात्रा ठरविणारे आपण शिकविताना मात्र सरसकट एकच मात्रा देतो.

औषधी दुकानदारांचेच उदाहरण घ्यावे. त्रिभुवनकीर्तीत हिंगूळ आणि वत्सनाभ आहेत. ही दोन्ही द्रव्ये औषधविषयक नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये येतात आणि अशा पोटात घ्यावयाच्या कल्पांच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. तरीही ताप आला की ग्राहक नाव घेऊन ते मागतो, आणि ते दिलेही जाते. अशा दुकानदारास शोधनविधीचे श्लोक ऐकवून काय साधणार? आपल्या फळीवरील कोणत्या कल्पांवर ही सूचना आहे, ती ग्राहकास कोणत्या शब्दांत सांगावी आणि त्यास वैद्यांकडे कसे पाठवावे, हे त्यास हवे. अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याकडेच्या खोट्या अशोकाची साल माथी मारली जाते, तीही छायाचित्रावरून ओळखता येत नाही. साल हाती घ्यावी लागते. रास्ना या एकाच नावाने उत्तर भारत, बंगाल आणि केरळ येथे तीन निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात, हे तरुण पदवीधर परीक्षेपुरते जाणतो. मागणीपत्र लिहिताना त्याचा काय अर्थ होतो, हे त्यास जुना दुकानदारच सांगू शकेल.

सुश्रुताचार्यांनी छेदनकर्माचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी यांवर करून घेण्यास सांगितले, आणि बहुश्रुत असूनही असा अभ्यास न केलेल्यास कर्मास अयोग्य ठरविले. आपण मात्र बस्ती, रक्तमोक्षणसुद्धा पडद्यावर दाखवितो.

इतके गट करण्यास शिक्षक कोठून आणावेत, असा आक्षेप आयोजक घेतात. आमच्या मते शिक्षक सभागृहातच बसलेले असतात. सकाळी एखादे व्याख्यान अवश्य व्हावे, तेही मराठीत. दुपारी ज्येष्ठ वैद्यांभोवती पाच-सहा जणांनी रुग्णवृत्ते घेऊन बसावे आणि दुसऱ्या दालनात द्रव्यांचे नमुने मांडावेत. नोंदणीपत्रकात शुल्काच्या रकान्याखाली आणखी एक ओळ मोकळी ठेवावी: गेल्या वर्षभरात कोणत्या रुग्णाने वा ग्राहकाने आपणांस निरुत्तर केले? ही उत्तरे किमान आठ दिवस आधी व्याख्यात्यांच्या हाती पडावीत.