वर्ग सुटल्यानंतर

शाळेतून निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी भेटेल तो विचारतो, "मग चित्रकलेचे क्लास कधी सुरू करताय?" नाही करत, म्हटलं की चेहरे पडतात. आमच्या वन्संना तर ही विद्येची नासाडीच वाटते. अशा वेळी मला हमखास कोरिटा केंट आठवते.

१९३६ साली, शाळा संपताच, ती लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट संघात नन झाली आणि पुढे त्यांच्याच कॉलेजात चित्रकला शिकवू लागली. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडायचं आणि त्यातून बघायचं, हा तिचा लाडका धडा. अख्खी वस्तू दिसतच नाही. मग तिचं नाव गळून पडतं आणि नुसता रंग, नुसती रेघ उरते. (मी करून पाहिलंय. आमचा जुना मिक्सर फारच देखणा निघाला!) वाण्याकडच्या पुड्यांवरची, जाहिरातींतली अक्षरं उचलून तिने सिल्कस्क्रीनवर भक्तीची चित्रं छापली. १९६४ च्या एका चित्रात तर मेरीमातेला सगळ्यांत रसाळ टोमॅटो म्हटलंय. कार्डिनल मॅकिन्टायर यांना हे असलं काही रुचणं शक्यच नव्हतं.

१९६८ मध्ये दमलेली कोरिटा संघ सोडून बॉस्टनला गेली. वर्गही सुटला. इथे बरेच जण हळहळतात, की खरी कोरिटा तिथेच संपली. मला हे मुळीच पटत नाही. विद्यार्थ्यांना बघायला शिकवण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. स्वतः निवांत बघायचं कधी? १९७१ मध्ये तिने तिथल्या गॅसच्या अवाढव्य टाकीवर इंद्रधनुष्याचे पट्टे रेखले. १९७४ मध्ये कॅन्सर निघाला, तरी साधे, शांत जलरंग चालूच. १९८५ चं तिचं प्रेमाचं टपाल तिकीट ७० कोटींहून जास्त खपलं. त्याचं अनावरण 'लव्ह बोट' या टीव्ही मालिकेच्या सेटवर ठेवलं होतं. तिला ते राष्ट्रसंघात व्हायला हवं होतं, म्हणून ती गेलीच नाही. पुढच्याच वर्षी ती वारली.

ती अठरा वर्षं कुणाला उरलीसुरली वाटोत, मला हेवा वाटतो तो त्यांचाच.

असो. पुठ्ठा अजून ओट्यावरच आहे. काल अर्धा तास चिरलेला कोबी बघत बसले. भाजीला उशीर झाला.