कवितेतली कूस आणि बाहेर आलेलं अंग

मागच्या तीन अंकांत मायवर सात कविता आल्या. मी मोजल्या. पाचांत मायची कूस आहे. कूस धगधगते, कुशीतून सूर्य निघतो, वणवा निघतो. एकाही कवितेत ती कूस खाली उतरून मांड्यांमधे लोंबत नाही.

वस्तीत मात्र लोंबते. दोस्तांनो, तुम्ही विचारलंत तर कुणी सांगणार नाही. बहिणीला, बायकोला विचारायला सांगा. 'अंग भाईर येतंय' एवढंच ती बाई म्हणेल, तेही पदर तोंडावर धरून. माझ्या आत्याचं तिसऱ्या बाळंतपणात आलं. बाराव्या दिवशी ती फडात होती. मोळी म्हंजे ३०-४० किलो ऊस, तो डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. खाली चिंधी कोंबलेली. उकिडवं बसलं की गोळा हाताला लागायचा, आधी तो बोटानं आत सारायचा, मग लघवी उतरायची. हे १९ वर्षं. घरात मोर्चाला जाणारे तीन पुरुष होते, एकालाही पत्ता नव्हता.

गेल्या बैठकीत मी विषय काढला तर एक कार्यकर्ता म्हणाला, हा बायकांचा खाजगी प्रश्न आहे, आरोग्य खात्याचा आहे, चळवळीचा नाही. ह्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले.

खाजगी कसा? ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, लघवीची पिशवी, गुदाशय तिच्यावर पेललेले असतात, वरून बंधांनी ओढून धरलेले. बाळंतपणात ती झोळी ताणते, कधी फाटते. मूल तासन्‌तास अडकलं, तोंड पुरतं उघडायच्या आधीच 'जोर दे' म्हणून बाईला रेटायला लावलं, की जास्तच. मग तिला सावरायला आठवडे लागतात. तेवढ्यात डोक्यावर मोळी आली की झोळी सैल ती सैलच. लागोपाठची बाळंतपणं, पोटाला कमी, चुलीच्या धुराचा खोकला, कुंथावं लागणं, सगळं तिच्यावरच येतं. श्रीमंत बाईचंही अंग उतरतं, नाही असं नाही. पण तिला बाराव्या दिवशी फड नसतो.

सव्वा महिन्याचंच बघा. वरच्या घरांत दहा दिवस सोयर. बाळंतीण विटाळलेली, चुलीला शिवायचं नाही. पुढं सव्वा महिना शेक, धुरी, डिंकाचे लाडू. म्हंजे त्यांच्या विटाळानंसुद्धा त्यांच्या बाईला बाजेवर निजवलं. आणि जिला जन्मभर विटाळ म्हटलं, तिला विटाळाची ती सवलतपण नाही! नवराबायको मिळून एक कोयता. बाई पडली की कोयता अर्धा, आणि खाडा उचलीतून कापला जातो. बाळंतपणाचा खाडा. हा शब्द एखाद्या कवितेत घाला.

बाबासाहेबांना हा प्रश्न बायकांचा खाजगी वाटला नव्हता. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा ते पाठिंब्याला उभे राहिले. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तर भार सरकारनंही उचलावा, पण मालकाला मोकळं सोडू नये, हे त्यांचं म्हणणं. १९४३ साली मजूरमंत्री म्हणून खाणीतल्या बायांच्या अशाच कायद्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवडे पगारी रजा आहे. फडातल्या बाईपर्यंत त्यातला एक दिवस पोचला का, फडात जाऊन विचारा.

तिच्यापर्यंत पोचली ती सुरी. २०१९ साली बीडचा बोभाटा झाला, सरकारी समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पिशवी काढ. अंग येतंय, पिशवी काढ. नाहीतर कॅन्सर होईल. अंग बाहेर येणं म्हंजे कॅन्सर नव्हे, हे वस्तीवस्तीत ओरडून सांगा. आणि पिशवी नुसती काढून भागत नाही. खालची झोळी नीट केली नाही तर योनीचा वरचा भाग पुन्हा खाली येतो. अंडाशयही काढले तर तिशीतच पाळी संपते, हाडं ठिसूळ होतात.

सुरीच्या आधी काय काय आहे, तेही पाठ करा. अंग थोडंच उतरलं असेल तर व्यायाम. लघवी मधेच अडवताना जो स्नायू आवळतो तो ओळखायचा. ओळखण्यापुरतंच, रोज लघवी अडवायची नाही. मग कधीही, बसून, निजून तो आवळायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं, पुढं दहापर्यंत न्यायचं. दहादा आवळायचं, दिवसातून तीनदा, श्वास न कोंडता. तीन-चार महिने नेट लागतो. पुरतं बाहेर आलेलं अंग यानं आत जात नाही. त्याला रिंग आहे, रबराची किंवा सिलिकोनची. डॉक्टर मापानं बसवतात, काही महिन्यांनी काढून धुऊन, तपासून पुन्हा बसवायची. ती घालून काम करता येतं. पुढं मूल हवं असेल तर पिशवी वर बांधून घ्यायचं ऑपरेशन आहे. ह्या ऑपरेशनांना मुंबईच्याच शिरोडकर आणि पुरंदरे या डॉक्टरांची नावं आहेत! मुंबईत निघालेली विद्या आमच्या तालुक्याला पोचत नाही. घासून जखम झाली, रक्त आलं, लघवी तुंबली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

बाया सांगत नाहीत म्हणता? डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या, १९८९ साली छापलं. ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला अंगावरचा आजार निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. कुणी विचारलंच नव्हतं. आणि कोर्टाचं म्हणाल तर शेजारच्या नेपाळात कार्यकर्ते हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २००८ साली न्यायालयानं सांगितलं, हा बायांच्या प्रजनन हक्काचा भंग आहे, सरकारनं उपाय करावा. त्यांना कुणी खाजगी म्हणून परत पाठवलं नाही.

तर यंदा १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे पैसे काढा. समाजमंदिरात एक पडदा, एक टेबल, एक बाई डॉक्टर, दोन दिवस. आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आधी मुकादमाच्या करारात एक ओळ लिहून घ्यायची: बाळंतिणीला सव्वा महिना मोळी नाही, आणि त्याचा खाडा नाही. मुकादम ऐकणार नाही, कारखान्याकडं बोट दाखवेल. मग कारखान्याच्या गेटवर बसायचं. आम्ही अकरा जणी आहोत. कोण कोण येणार त्यांनी संपादकाकडं नावं द्यावीत.