पावटे कोण सोलणार?

उद्या भोगी. आज संध्याकाळी मंडईत पाय ठेवायला जागा नसेल. ओल्या हरभऱ्याचे घाटे, पावटा, घेवडा, गाजर, काटेरी वांगी, बोरे, उसाची कांडकी. पौषाच्या थंडीत शिवारात जे पिकते ते सारे एका पातेल्यात येते. वर तिळाचे आणि शेंगदाण्याचे कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांच्या आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. दिवसाला 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि त्यांच्या जोडीला धान्य, डाळी, दूध, तेलबिया, असे तिचे दोन हजार कॅलरींचे ताट आहे. भोगीचे जेवण या ताटाच्या फार जवळ जाते.

मग संक्रांत सरली की हे जेवण वर्षभर कुठे जाते? बाजरी चांगली आणि मैदा वाईट, हे आता शाळकरी पोरही सांगेल. तरीही सकाळी चहा-बिस्किटे, डब्यात चपाती आणि बटाटा, रात्री बाहेरून मागवलेले काहीतरी. याला कोणी आळस म्हणते, कोणी जिभेचे चोचले. आम्हाला ते पटत नाही. चांगल्या अन्नाला कष्ट पडतात आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या वाट्याला येतात. पावटे सोलायचे, मेथी निवडायची, मटकी भिजवून मोड आणायचे. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, त्यामुळे थोडे थोडे दळण आणि गिरणीच्या पुन्हा पुन्हा खेपा. भाकरी थापायची ती ऐनवेळी, गरम तव्यापाशी उभे राहून. केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एक. नोकरीवरून दमून आलेल्या बाईने पाकीट फोडले तर तिला पोषणाचे धडे देण्याचा अधिकार कोणाला आहे?

कुटुंबाने नीट खावे असे वाटत असेल, तर कुटुंबाने स्वयंपाकघरात यावे. शेंगा सोलायला सगळे बसले की अर्ध्या तासात दोन दिवसांची भाजी तयार होते. स्वतः सोललेला हरभरा मुले तिथेच तोंडात टाकतात, ताटात भाजी नको म्हणणारीसुद्धा. दळण आणायला कोणतेही कौशल्य लागत नाही. भाकरी जमत नसेल तर भाजणीचे थालीपीठ कोणत्याही नवऱ्याला चार दिवसांत जमते, शिवाय भाजणी बरेच दिवस टिकते.

पिण्याच्या बाबतीत मात्र कष्टांची सबबही नाही. 300 मिलिलिटरच्या गोड शीतपेयात सुमारे 30 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. ही बाटली किराण्याच्या यादीतच येऊ नये. घरात आणून मग मुलांना ‘पिऊ नका’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. तिळगुळाबद्दल आमची काही तक्रार नाही, सणाचे गोड सणाला खावे.

चहाचे थोडे वेगळे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाजरीत लोह भरपूर असते, पण ते अंगी लागणे सोपे नसते. लिंबू, पेरू, आवळा त्याला मदत करतात आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहातले टॅनिन आडवे येते. तेव्हा उद्या ताटात लिंबाची फोड असू द्या. जेवणानंतर चहाचे आधण तासाभराने ठेवा, आणि भाजी जिने केली तिने ते ठेवू नये.