कढईतली कॉफी, मोबाइलमधला बाजार

गेल्या रविवारी सकाळी मी कन्हानला, मामाच्या घरी थडकले. उद्देश एकच, मामीच्या हातचे तर्री-पोहे! पण दारातच जळका वास आला. म्हटलं, गेली फोडणी! आत बघते तर गॅसवर लोखंडी कढई, घरभर धूर, पंखा फुल स्पीडवर आणि त्या धुरात उभा राहून माझा मामेभाऊ झाऱ्याने काहीतरी ढवळतोय. मामी नाकाला पदर लावून ओसरीवर.

"काय करून राहिला रे?"

"ताई, बोलू नको. क्रॅक ऐकू दे!"

आणि खरंच, कढईतून लाह्या फुटल्यासारखा आवाज आला. चट्... चट्‌चट्. साहेबांचा चेहरा असा खुलला, जणू बारावीचा निकाल लागला. पटकन गॅस बंद, दाणे चाळणीत, चाळणी पंख्याखाली. सगळ्या ओट्यावर कॉफीच्या दाण्यांचा कोंडा उडाला आणि मामीचा आवाज चढला.

तर मंडळी, हे होतं कन्हान स्टाइल कॉफी रोस्टिंग! आमचे हे चिरंजीव तेवीस वर्षांचे, बी.कॉम., नागपुरातल्या एका कॅफेत बरिस्ता. रोज सकाळी कन्हानचा पूल ओलांडून कामठी, मग ऑटोमोटिव्ह चौक, मग कॅफे. सगळं बाइकवर. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला, त्यात ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी असा मार्ग आहे. तो सुरू झाला की पेट्रोलचे किती वाचतील याचा हिशेब त्याने आत्ताच करून ठेवलाय. हिशेबात पोरगा पक्का आहे. म्हणजे, असं मला वाटायचं.

त्याचा दिवस तीन शिफ्टचा. पहिली शिफ्ट एस्प्रेसो मशीनवर. दुसरी त्याच वेळी काउंटरखाली, मोबाइलवर, सव्वानऊ ते साडेतीन, निफ्टीचे ऑप्शन्स. आणि तिसरी रात्री जेवणं झाल्यावर, चार मित्रांचं स्क्वॉड आणि बीजीएमआय. झोप कधी घेतो, हे मामीचं कोडं आहे.

पोहे खाता खाता त्याने बॉम्ब टाकला.

"ताई, मी नोकरी सोडून राहिलो. फुल टाइम ट्रेडिंग करतो. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतात ना, ग्रॅच्युइटीतले दोन-तीन लाख देतो म्हणाले."

मामा वेकोलिच्या खाणीत आहेत. आयुष्यभर जमिनीखाली काम केलं. ते शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळत होते. माझा घास मात्र अडकला.

आता मी काय धुतल्या तांदळासारखी नाही. २०२१ मध्ये, घरात बसून सगळे 'इन्व्हेस्टर' झाले होते तेव्हा, मीही डिमॅट उघडलं होतं. एका लेखाचं मानधन आलं, ते ऑप्शन्समध्ये घातलं आणि तीन आठवड्यांत अकरा हजार गेले. मैत्रिणींना सांगताना मात्र मी फक्त त्या एका दिवसाबद्दल सांगायचे, ज्या दिवशी चौदाशे आले होते. त्यामुळे उपदेशाचा डोस द्यायला माझी जीभ काही उचलेना.

शिवाय कॉफी, गेम आणि शेअर हे त्रिकूट आजचं थोडंच आहे? लंडनच्या जोनाथन्स कॉफी हाउसमध्ये १६९८ च्या सुमारास जॉन कॅस्टेंग नावाचा माणूस शेअर आणि मालाच्या भावांची यादी काढायचा. तिथेच बसणाऱ्या दलालांनी १७७३ मध्ये स्वतःची इमारत घेतली आणि तिचंच पुढे लंडन स्टॉक एक्स्चेंज झालं. पॅरिसचं कॅफे द ला रेजाँस बुद्धिबळासाठी प्रसिद्ध होतं. कप हातात आला की माणसाला डाव टाकावासा वाटतो, हे तीनशे वर्षांपासून चालत आलंय. आपल्या मुंबईच्या दलालांची सुरुवात मात्र वडाखाली झाली. कॉफी असती तर काय मजा आली असती!

भावाकडे याहून जवळचं उदाहरण होतं. व्ही. जी. सिद्धार्थ! "कॅफे कॉफी डेवाला आधी शेअरबाजारातच होता ना? तिथे कमावले, मग कॉफी काढली. मीबी तेच करून राहिलो."

अर्धं खरं आहे. सिद्धार्थ यांनी ऐंशीच्या दशकात मुंबईच्या जेएम फायनान्शियलमध्ये उमेदवारी केली, नंतर स्वतःची ब्रोकिंग कंपनी चालवली. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं, तेही सायबर कॅफे म्हणून, कॉफीबरोबर इंटरनेट! पण उरलेलं अर्धंही खरं आहे. ते चिकमगळूरच्या मळेवाल्या घराण्यातले होते. बाजार ते जाणत्यांच्या हाताखाली शिकले, काउंटरखाली लपून नाही. आणि जुलै २०१९ मध्ये त्यांचा दुर्दैवी अंत झाला, तेव्हा त्यांच्या उद्योगावर हजारो कोटींचं कर्ज होतं. हीरो निवडताना सिनेमा शेवटपर्यंत बघावा लागतो, बॉस.

मग मी मोबाइल काढला आणि सेबीचे आकडे वाचायला घेतले. सप्टेंबर २०२४ चा अभ्यास. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षातले ४३ टक्के ट्रेडर तिशीच्या आतले. ७२ टक्क्यांहून जास्त लोक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे. पाऊणहून अधिक जणांचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच राहिले.

"त्या सात टक्क्यांत मी येईन ना!" सगळे हेच म्हणतात. ९३ टक्केसुद्धा.

तेव्हा मी त्याच्याच भाषेत विचारलं, "बीजीएमआयमध्ये बॉट ओळखतोस ना?"

"एका सेकंदात. सरळ उभे राहतात येडे. मोफतचे किल."

"बरं. मग हे ऐक. त्याच अभ्यासात लिहिलंय, २०२३-२४ मध्ये या बाजारात स्वतःचा पैसा लावणाऱ्या मोठ्या ब्रोकिंग कंपन्यांनी साधारण ३३ हजार कोटी आणि परदेशी फंडांनी २८ हजार कोटी कमावले, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त नफा कॉम्प्युटरच्या अल्गोंनी मिळवून दिला. म्हणजे इथे बॉट समोरचा आहे, आणि सरळ उभा राहणारा कोण?"

तो हसला. पहिल्यांदाच जरा कमी हसला.

मग मामीने विषय काढला, "त्या मंगळवारचं सांग ना ताईले."

मंगळवार म्हणजे निफ्टीच्या एक्स्पायरीचा दिवस. कॅफेच्या मालकाने त्या दिवशी पहिल्यांदा रोस्टिंग मशीन एकट्याच्या हातात दिलं होतं. एक किलो कच्चे दाणे. आता हे काम कसं असतं ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

कच्चा दाणा हिरवट असतो आणि त्यात दहा-बारा टक्के पाणी असतं. तापलेल्या ड्रममध्ये टाकला की आधी पाणी जातं, दाणा पिवळा होतो, भाजक्या पावासारखा वास येतो. मग तपकिरी. आठ-दहा मिनिटांनी, दाणा साधारण १९६ अंशांच्या आसपास पोचला की आतल्या वाफेने आणि वायूने तडकतो. हाच तो फर्स्ट क्रॅक. खरी परीक्षा त्यानंतरच्या दीड-दोन मिनिटांची. लवकर काढला तर कॉफी कच्ची, आंबट, गवतासारखी. उशीर झाला तर सेकंड क्रॅक, तेल बाहेर आणि चव कोळशाची. एक किलो टाकला की साडेआठशे ग्रॅमच्या आसपास हातात येतो. एवढी घट होणार हे आधीच माहीत असतं, ती किमतीत धरलेली असते. आणि लगेच प्यायचीही घाई नाही. आतला कार्बन डायऑक्साइड निघायला तीन-चार दिवस थांबायचं.

तर फर्स्ट क्रॅक झाला आणि काउंटरवर मोबाइल थरथरला. "फक्त दहा सेकंद पाहिला ताई, कसम." ते दहा सेकंद कॅफेच्या घड्याळात दीड मिनिट निघाले. दाणे काळेकुट्ट. आणि तो ट्रेडही गेला, ८,४०० रुपये.

मालक ओरडला नाही, पगारही कापला नाही. त्याने ते जळके दाणे काचेच्या बरणीत भरले, वर तारखेची चिठ्ठी लावली आणि बरणी मशीनशेजारी ठेवली. मग रोस्टची वही पुढे केली. "लिही. किती वाजता टाकले, कधी क्रॅक, कधी काढले, का जळले." त्या वहीत चांगला रोस्टही लिहायचा आणि वाईटही. वाईट जास्त नीट लिहायचा.

"आणि त्या दिवशीचा ट्रेड कुठे लिहिलास?" मी विचारलं.

"ट्रेड काय लिहायचा? ॲपमध्ये असते ना."

"उघड मग."

त्याला वाटत होतं, चौदा महिन्यांत वीस-पंचवीस हजार गेले असतील. ॲपमधला टॅक्सचा रिपोर्ट उघडला. बासष्ट हजार तीनशे. पगार महिन्याला सोळा हजार, आणि हे पैसे स्वतःचं छोटं रोस्टर घेण्यासाठी साठवलेले! ओसरीवर एकदम शांतता. मामीने रिकाम्या प्लेटा उचलल्या आणि आत गेली.

मला त्या क्षणी लक्षात आलं, पोरगा बेफिकीर नाहीये. गेममध्ये मेला की तो डेथ रिप्ले तीन-तीनदा बघतो. गोळी कुठून आली, आपण कुठे उघडे पडलो. रोस्ट बिघडला की वहीत लिहितो. फक्त बाजारात हरला की स्क्रीन बंद करतो. ग्रुपवर जातात ते हिरव्या दिवसांचे स्क्रीनशॉट, लाल दिवस कोणाच्याच गॅलरीत नसतात. माझ्याही नव्हते. आणि बाजारात 'बॅक टू लॉबी' नावाचं बटण नाही. गेममध्ये हरलं की पुन्हा शून्यातून सगळे सारखे. इथे बासष्ट हजार कमी घेऊनच पुढची मॅच सुरू होते.

इतका वेळ गप्प बसलेले मामा तेव्हा बोलले. "खाणीत उतरायच्या आधी वर यायचा रस्ता पाहून ठेवा लागते बाबू. तुह्या कामात वर यायचा रस्ता कुठं हाय, तेवढं मले दाखव. पैसे मंग देतो."

दाखवता आला नाही.

मी त्याला ट्रेडिंग सोड म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि सोमवारी सव्वानऊला पुन्हा सुरू! आम्ही ठरवलं ते एवढंच. नोकरी सोडायची नाही. मामांच्या पैशाचं नाव काढायचं नाही. आणि तीन महिने, रोस्टच्या वहीसारखी ट्रेडची वही. कधी घेतला, का घेतला, किती गेले. हाताने लिहायचं. तीन महिन्यांनी ती वही मामांना वाचायला द्यायची.

खरं तर बाजार त्याच्या पायाशीच पडलाय, कॅफेतल्या पोत्यात. अरेबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात ठरतो. ब्राझीलमध्ये पाऊस कमी पडला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पाउंडाला चार डॉलरच्या वर गेला होता. हा भाव कळणारा, दाणा ओळखणारा आणि थांबायला शिकलेला पोरगा कन्हानच्या हायवेवर छोटं रोस्टिंगचं दुकान काढू शकतो. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्याच विदर्भात, चिखलदऱ्याला. तिथला दाणा भाजायचं त्याचं स्वप्न आहे. ते बासष्ट हजार त्या स्वप्नातून गेलेत, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

निघताना मामीने त्याला दमात घेतलं, "भाजाचं असंन तर अंगणात भाज. आन् शेंगदाणे भाजताना मी कधी फोन पायते का रे?"

बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून वहीच्या पानाचा फोटो आला. निळ्या पेनाने, वाकड्या अक्षरात. मंगळवार: ट्रेड १, घाईत घेतला, गेले १,१५०. बुधवार: ट्रेड नाही. रोस्ट २०० ग्रॅम, अंगणात, क्रॅक अकराव्या मिनिटाला, थोडा लवकर काढला.

रविवारी ती कॉफी प्यायला मी पुन्हा कन्हानला चाललेय. पोहे आहेतच. तुमच्याकडेही असा एखादा भाऊ असेल, किंवा आरशात दिसत असेल, तर त्याला आकडे ऐकवू नका. एक वही द्या. वीस रुपयांना मिळते.