मुंबईचा एक दिवस आणि पाठीवरची एक पिशवी



सहलीचे दिवस जवळ आले की आपल्या मूर्तिजापूर भागातल्या बऱ्याच शाळांत मुंबईचा विषय निघतो. रात्री गाडीत बसायचं, सहाशेच्या वर किलोमीटर झोपेत काढायचे, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं आणि त्याच दिवशी परतीची गाडी धरायची. मुक्काम नाही, म्हणून खर्चही बेताचा. पण या एका दिवसासाठी लेकरांच्या पाठीवर जे सामान चढतं, त्याबद्दल आज थोडं स्पष्ट लिहितो. त्यात माझीही चूक आहे, तीही सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलं घेऊन मुंबईला गेलो होतो. सामानाची यादी मीच दिली होती, चांगली लांबलचक. दोन जोड कपडे, ब्लँकेट, बूट, चपला, ताट-वाटी, खाऊचे डबे. पालकांनी त्यात आपली भर घातली. फलाटावर उतरलो तेव्हा सामानाचा हा मोठा ढीग झाला. सामानघरात ठेवायचं तर बॅगांना कुलूप लागतं, ते निम्म्या बॅगांना नव्हतं. मग मी ठरवलं, एक शिक्षक आणि चार मुलं सामानाजवळ थांबतील, दुपारी पाळी बदलू. दुपारी आम्हाला परत यायला उशीर झाला. सकाळी थांबलेली सातवीतली एक मुलगी संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली. परत आल्यावर निबंधाचा विषय दिला, ‘मी पाहिलेला समुद्र’. तिनं वही कोरी ठेवली. विचारलं तर एवढंच म्हणाली, “सर, मी त बॅगाच पाह्यल्या.”

त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. तिच्या वडिलांनी सहलीचे पैसे भरले होते ते समुद्रासाठी, आणि मी तिला दिवसभर दुसऱ्यांच्या ब्लँकेटांवर राखण बसवलं.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्षीची. एका मुलीचं नाव यादीत नव्हतं, म्हणून घरी गेलो. तिची आई म्हणाली, “गुरुजी, पैसे त भरतो कसेबी. पण बॅगचं काय? सगळ्या पोरी चाकाच्या बॅगा आणतीन, मी मायी पोरगी थैली देऊन धाडू का मुंबईले?” म्हणजे सहल अडली होती ती तिकिटावर नाही, बॅगेवर. आपण वर्गात समानतेचे धडे शिकवतो आणि आपल्याच यादीमुळे एखादं लेकरू घरी राहतं, हे मला त्या ओसरीवर कळलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. एका दिवसाच्या मुंबईसाठी एका लेकरामागे एकच पिशवी असावी. ती पाठीला लावता यावी किंवा खांद्याला अडकवता यावी. रोजचं दप्तर चालेल, शिवलेली कापडी थैलीही चालेल. आणि ती पिशवी लेकरानं स्वतः भरावी.

वजन किती असावं? २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानं सांगितलंय की पहिली ते दहावीच्या मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तोच नियम सहलीला लावा. रेल्वे स्लीपरच्या पूर्ण तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेऊ देते, पण नेता येतं म्हणून न्यायलाच पाहिजे असं कुठं आहे? ३० किलोच्या मुलाची पिशवी ३ किलोची. एक लिटर पाणी म्हणजे १ किलो. एक जोड कपडे आणि पंचा मिळून साधारण ७०० ग्रॅम, पातळ चादर ४०० ग्रॅम, दशम्या, चटणी आणि चिवडा ६०० ग्रॅम, वही, पेन्सिल, दात घासायचा ब्रश वगैरे २०० ग्रॅम. बेरीज २ किलो ९०० ग्रॅम. बसलं की नाही? स्वेटर अंगात, रोजच्या वापरातल्या चपला नाहीतर बूट पायात. नवे बूट सहलीला अजिबात नकोत, दुपारपर्यंत पायाला फोड येतात आणि मग लेकराला गेटवेपेक्षा टाचच जास्त आठवते. सरांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र पिशवीत नको, खिशातच हवी.

हा गणिताचा तास आहे बरं का. शाळेतल्या वजनकाट्यावर आधी मुलाला, मग पिशवीला उभं करा. जास्त भरलं तर काय काढायचं ते मुलालाच ठरवू द्या. मग भाषेच्या तासाला लिहायला सांगा, ‘मी काय घरी ठेवलं आणि का?’ ‘माझी सहल’ या ठरलेल्या निबंधापेक्षा हा निबंध मुलं मन लावून लिहितात, कारण निर्णय त्यांचा स्वतःचा असतो.

पालक विचारतात, “सर, लेकरू आजारी पडलं त?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर चाळीस पिशव्यांत चाळीस औषधांच्या डब्या हे नाही. शिक्षकांकडे दोन सामाईक पिशव्या ठेवा. त्यात प्रथमोपचार, ओआरएसची पाकिटं, उलटीसाठी पिशव्या, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, दोन जादा कपड्यांचे जोड आणि सेफ्टी पिना. ज्या मुलाला रोजचं औषध आहे त्याचं औषध नाव लिहून शिक्षकांकडे.

पिशवी हलकी झाली की दिवस कसा बदलतो ते पाहा. स्टेशनवर उतरल्या उतरल्या शिकवणं सुरू होतं. ही इमारत १८८८ च्या सुमारास पुरी झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. याच परिसरातल्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. तिथून हुतात्मा चौक, मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग १९२४ मध्ये पूर्ण झालेलं गेटवे ऑफ इंडिया. हे सगळं अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, मुलं पायी जाऊ शकतात. दहा ठिकाणं बसच्या खिडकीतून दाखवण्यापेक्षा ही तीन-चार पायाखालून जाऊ द्या. लोकलमध्ये बसवायचं असलं तर मुंबईकरांसारखी पिशवी पोटाशी धरायला शिकवा. मोठी बॅग असेल तर गर्दीत लेकराचा हात धरायचा की बॅगेचा, हाच प्रश्न पडतो.

आणि गेटवेला घाई करू नका. आपल्या वऱ्हाडातल्या मुलानं पूर्णा पाहिली असते, धरण पाहिलं असतं. समुद्राचं पाणी तो पहिल्यांदा पाहतो. अर्धा तास त्याला काही सांगू नका, नुसतं पाहू द्या. आपल्याकडचा कापूस याच बंदरातून विलायतेला जायचा, आपली शकुंतला गाडी त्या कापसासाठीच धावायला लागली, हे नंतर सांगा. तेव्हा ते त्याच्या डोक्यात राहील.

आपल्या तालुक्याला हे कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. गाडगेबाबांचं बालपण याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं तेव्हापासून सामान काय? अंगावर ठिगळांचे कपडे, एक गाडगं आणि एक खराटा. तेवढ्यावर ते महाराष्ट्रभर फिरले आणि परगावी आलेल्या गरिबांना टेकायला जागा मिळावी म्हणून धर्मशाळा उभ्या केल्या. आजही आपल्याकडून टाटा रुग्णालयात गेलेल्या रुग्णांना दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेचा आधार असतो. लेकरांनी गरिबीचं सोंग आणावं असं मी म्हणत नाही. बाबांचे हात सामानात अडकलेले नव्हते, म्हणून ते कामाला मोकळे होते, एवढंच त्यातून घ्यायचं.

म्हणून पालकहो, यंदा सहलीची यादी आली तर ती वाढवू नका, नवी बॅग घेऊ नका. शिक्षक मित्रहो, यादी अर्ध्या पानाची करा आणि खाली ठळक लिहा, ‘कापडी थैली चालेल.’ आणि सामानावर राखण बसायची वेळ आलीच, तर तिथं आपण बसू. त्या मुलीचा समुद्र मी अजून देणे लागतो. तुमच्या वर्गातल्या कुणाचा राहू देऊ नका.