शेंकडा तिनाचा हिशेब

युरोपीय संघाच्या राष्ट्रप्रमुखांनीं २००२ सालीं बार्सिलोना येथें ठरविलें कीं, २०१० पर्यंत संघाच्या एकूण उत्पन्नापैकीं संशोधनावरील खर्च शेंकडा ३ च्या घरांत जावा. त्यासाठीं कायद्याची सक्ती नाहीं. प्रत्येकानें आपला आंकडा मांडावा, शेजाऱ्याचा पाहावा व त्यावरून शिकावें, एवढीच पद्धति. भिडेनें किती कामें होतात, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

परंतु आंकडे ताडून पाहावयाचे तर माप एक हवें. तें १९६३ सालीं रोमजवळ फ्रास्काती येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं सिद्ध केलें. मूळ मसुदा ख्रिस्तोफर फ्रीमन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाचा. ज्याचें फळ आधीं निश्चित नसतें, तें संशोधन. नेहमींची तपासणी, बाजाराची पाहणी, रोजचें अध्यापन यांस तेथें थारा नाहीं. ही गाळणी नसती, तर प्रत्येक सरकारनें आपला खर्च फुगवूनच दाखविला असता!

इतकें असूनहि २०१० सालीं उद्दिष्ट साधलें नाहीं, आणि २०२० करितां तेंच पुन्हां लिहिलें गेलें. आमच्या मतें दोष सरासरीचा आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग हा मोटारींच्या कारखान्यांचा जर्मन प्रांत एकटा शेंकडा ५ हून अधिक खर्च करतो. रुमानियाचा आंकडा १ पर्यंतहि पोंचत नाहीं. म्हणून २०१४ पासून प्रत्येक प्रांतानें आपलें बळ कशांत आहे तें आधीं ठरवावें, मगच संशोधनासाठीं संघाचा विकासनिधि मागावा, अशी अट आली. हा फेरफार आम्हांस पटतो. मात्र दुबळ्या प्रांतास ही पारख करणारीं माणसेंच आधीं शोधावीं लागतात.