कागद फेकून द्या म्हणणाऱ्यांनो..

सध्या आमच्या ऑफिसात 'पेपरलेस' होण्याची साथ आली आहे. कोण कुठलं नोट्सचं अ‍ॅप वापरतो, कोणाचे टॅग किती शिस्तीचे, यावर डबा खाताना तावातावाने चर्चा. दर सोमवारी एकजण तरी सांगतोच, "सगळं स्कॅन केलं रे, आता घरात कागदाचा कपटा नाही!" काय काय केलंस विचारलं, तर पॅन कार्ड, विजेची बिलं, सॅलरी स्लिपा आणि फ्रीजची वॉरंटी.

अरे, यातलं निम्मं तर पीडीएफ म्हणूनच आलं होतं! जे उद्याही एका क्लिकवर मिळेल ते स्कॅन करण्यात कसलं आलंय शहाणपण? आणि जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते गावाकडे पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्यांचा वास घेत पडलंय. त्याला टॅग लावायला कोणाला वेळ नाही.

माझं गाव वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना. ऑगस्ट २०२३ मध्ये जवळच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे उपोषणाला बसले. जून २०२४ मध्ये खुद्द वडीगोद्रीत ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे बसले. कोण बरोबर हा आजचा विषय नाही. (कमेंटमध्येही नको, प्लीज :) ) मला एवढंच दिसलं की एवढ्या मोठ्या भांडणात प्रत्येक घराचा प्रश्न शेवटी एका कागदावर येऊन थांबला. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय?

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने न्या. संदीप शिंदे समिती नेमली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुने कागद कुठे उर्दूत, कुठे मोडीत. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर.. पहिल्या अहवालापर्यंत पावणेदोन कोटींच्या आसपास कागद चाळले आणि कुणबी नोंदी सापडल्या ११,५३०. पुढे नोंदींचे स्कॅन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढले.

आता सांगा, या नोंदी सर्चने सापडल्या का? घाईत लिहिलेली मोडी आपल्या फोनमधल्या ओसीआरच्या बापालाही वाचता येत नाही. सापडल्या, कारण कुण्या कारकुनाने गाव आणि साल लावून रजिस्टर ठेवलं होतं, आणि ते वाचणारी माणसं अजून होती. कारकुनाच्या रजिस्टरला सबस्क्रिप्शन नव्हतं.

आपल्या अ‍ॅपचं काय? २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर होतं. म्हणजे निम्म्या भारताचं झेरॉक्सचं दुकानच! गुगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ ला संपली. एव्हरनोटने तर डिसेंबर २०२३ मध्ये फुकटवाल्यांना ५० नोटांवर आणून ठेवलं. कंपन्यांवर माझा राग नाही, त्यांना धंदा करायचाय. राग आहे तो अशा भाड्याच्या खोलीला कपाट समजणाऱ्यांवर.

"डिजिलॉकर आहे की!" आहे, आणि चांगलं आहे. पण २०१७ च्या नियमाने मूळ कागदाचा दर्जा मिळाला तो संबंधित खात्याने तिथे दिलेल्या दाखल्यांना. आपण चढवलेला फोटो हा फोटोच. सातबाराचंही तसंच. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, तो स्कॅन कशाला करता? आजोबांच्या हातचं वाटणीपत्र, हाताने लिहिलेला जुना फेरफार, हायवेत गेलेल्या जमिनीची नोटीस आणि मावेजाची पावती, हे करा. मागच्या बाजूसकट, कारण शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो.

आणि ठेवायचं कुठे? साध्या फोल्डरमध्ये, साधी पीडीएफ. नाव असं की माझ्या माघारी भावालाही कळावं: गाव, गट नंबर, कागद कसला, कोणाचा, साल. एक कॉपी त्याच्याकडे. टॅग, रंगीत लेबलं, एकमेकांना जोडलेल्या नोटा, हे सगळं ज्याने केलं त्यालाच कळतं. तो मीटिंगमध्ये आणि वडील अंबडला तहसीलच्या खिडकीसमोर उभे, हा प्रसंग कुठल्याच अ‍ॅपच्या जाहिरातीत नसतो. मूळ कागद तर फेकायचा नाहीच. कोर्टात आधी तोच मागतात.

असो. दिवाळीला दोन दिवस जास्तीची सुट्टी टाकली आहे, पेटी उघडायला. मोडीतले चार कागद आहेत. वाचून देणारा पैसे देऊन मिळेल. पण त्यावरची नावं आपल्यापैकी कोणाची, हे सांगू शकतील असे घरात एकटे चुलत आजोबा उरलेत, आणि ते ८६ वर्षांचे आहेत.